एका संवादाला एक पहारेकरी

ऑगस्ट १९८६. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाकडे संगणक-वापराच्या हिशेबातील ७५ सेंटांची तफावत शोधण्याचे काम आले. तफावतीमागे एक घुसखोर निघाला. तो कोणत्या वाटेने येतो हे कळावे म्हणून स्टोल यांनी एका शनिवार-रविवारी टेलिप्रिंटर, छोटे संगणक असे मिळेल ते गोळा करून बाहेरून येणाऱ्या सुमारे पन्नास तारांना जोडले. एका तारेला एक यंत्र. घुसखोराच्या खुणा त्यांतल्याच एका यंत्राच्या कागदावर उमटल्या.

नेटवर्कवरील पहाऱ्याच्या इतिहासात ही गोष्ट नेहमी सांगितली जाते, ती गुप्तहेरकथा म्हणून. मला मात्र त्यातील कामाची वाटणी महत्त्वाची वाटते. कारण पुढची दोन दशके पहाऱ्याची सॉफ्टवेअर ही वाटणी सोडून चालली आणि अखेर तिच्याकडेच परतली.

१९९५ साली याच प्रयोगशाळेत व्हर्न पॅक्सन यांनी ‘ब्रो’ (आजचे ‘झीक’) रचले; १९९८ मध्ये मार्टिन रोश यांचे ‘स्नॉर्ट’ आले. नेटवर्कवरचा मजकूर लहान लहान पॅकेटांत विभागून जातो. स्नॉर्ट प्रत्येक पॅकेट उचलते, त्याची आवरणे उलगडते, तुकडे जुळवते, संशयास्पद खुणांच्या नियमांशी ताडून पाहते आणि काही आढळल्यास इशारा देते. हे सारे एकाच रांगेत, एकामागून एक. त्या काळच्या तारांना एवढे पुरेसे होते.

तारांचा वेग वाढला तसे गणित बिघडले. दहा गिगाबिटच्या तारेवरून सर्वांत लहान आकाराची पॅकेटे सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख येऊ शकतात. म्हणजे एका पॅकेटच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला जेमतेम दोनशे ठोके. एवढ्यात हजारो नियम ताडणे अशक्य. आणि पहारेकरी मागे पडला तरी तार थांबत नाही. न पाहिलेली पॅकेटे तशीच पुढे जातात. जानेवारी २००३ मधील ‘स्लॅमर’ हा किडा अवघ्या एका पॅकेटात मावत होता आणि त्याने दहा मिनिटांत बहुतेक कमकुवत यंत्रे गाठली. निसटलेले एक पॅकेट किती महाग पडू शकते, हे यावरून कळावे.

त्याच सुमारास प्रोसेसरचा वेग वाढणे जवळपास थांबले; त्याऐवजी एका चिपवर अनेक गाभे येऊ लागले. २००७ मध्ये बर्कलेच्या संशोधकांनी ब्रोचे काम अनेक साध्या संगणकांत वाटून दाखवले. २००९च्या अखेरच्या दिवशी ‘सुरिकाटा’ची पहिली चाचणी-आवृत्ती आली. नाव मीरकॅट या प्राण्याच्या शास्त्रीय नावावरून. कळप चरत असताना त्यातला एखादा मागच्या पायांवर उभा राहून टेहळणी करतो. हे सॉफ्टवेअर मुळापासूनच अनेक थ्रेडचे, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कार्यधाग्यांचे होते.

पण काम वाटायचे कसे? एका थ्रेडने पॅकेट उचलायचे, दुसऱ्याने उलगडायचे, तिसऱ्याने तपासायचे, ही कारखान्यातील पद्धत. तीत प्रत्येक हस्तांतराला वेळ जातो. येईल ते पॅकेट रिकाम्या थ्रेडला द्यावे, तर एकाच संवादाची पॅकेटे विखुरतात आणि दोन पॅकेटांत तोडलेली घातक खूण कोणालाच दिसत नाही. म्हणून पाठवणारा व घेणारा यांचे पत्ते, दोघांचे पोर्ट आणि प्रोटोकॉल यांवरून एक आकडा काढतात. तो आकडा ठरवतो त्या थ्रेडकडे तो अख्खा संवाद जातो. हा आकडा जाण्या-येण्याच्या दोन्ही दिशांना सारखाच यावा लागतो. तसा आला नाही तर प्रश्न एकाकडे आणि उत्तर दुसऱ्याकडे जाते, आणि दोघेही अर्धवट ऐकून निष्कर्ष काढतात. सुरिकाटाच्या ‘वर्कर्स’ पद्धतीत प्रत्येक थ्रेड आपल्या वाट्याच्या संवादांचे पॅकेट उचलण्यापासून इशाऱ्यापर्यंतचे सर्व काम स्वतःच करतो. २०२१ मध्ये स्नॉर्टची तिसरी आवृत्तीही अनेक थ्रेडची होऊन आली.

म्हणजे एका तारेला एक यंत्र हीच स्टोल यांची मांडणी, फक्त तारेच्या जागी संवाद आला.

या वाटणीला दोन मर्यादा आहेत. एकच संवाद प्रचंड असेल तर तो तोडता येत नाही. त्याचा थ्रेड घामाघूम होतो आणि शेजारचे मोकळे बसतात. दुसरी मर्यादा अधिक गंभीर. घुसखोर शेकडो दारे एकेकदाच ठोठावत असेल, तर प्रत्येक पहारेकऱ्याला एखादीच निरुपद्रवी टकटक ऐकू येते. ती जोडायला सर्वांची सामाईक नोंदवही लागते. आणि वहीत एक जण लिहीत असताना दुसऱ्याला थांबावे लागते. वेग मिळवायला पहारेकरी वेगळे केले, तर समज मिळवायला त्यांना पुन्हा एकत्र आणावे लागते, आणि त्यात मिळवलेला वेग थोडा खर्च होतोच.

स्टोल यांच्याकडे यंत्रे पन्नास होती, पण सगळे कागद वाचणारा माणूस एकच होता. यंत्रांची संख्या वाढवणे आपल्याला जमले. त्या एका वाचकाची जागा भरण्याचे काम अजून चालू आहे.