उंबरठ्यावरचा प्रश्न

जून महिना निम्मा सरला की औरंगाबादच्या स्टेशनावर एक ठरलेले दृश्य दिसत असे. जालना-परभणीकडून येणारी गाडी थांबे आणि वडिलांच्या मागोमाग एखादी मुलगी खाली उतरे. बरोबर पत्र्याची ट्रंक, दोरीने आवळलेली वळकटी आणि आईने दिलेला फराळाचा डबा. टांगा वसतिगृहाच्या फाटकाशी लागे. वडील आत रेक्टरबाईंशी बोलत बसत आणि मुलगी ट्रंकेपाशी उभी राही. मग दोनचार जुन्या मुली जवळ येत व विचारत, "नाव काय तुझं?" ती नाव सांगे. क्षणभर कोणी बोलत नसे. मग दुसरा प्रश्न येई, "आडनाव?"

ज्यांच्याकडून आम्ही या हकीकती ऐकल्या त्या स्त्रिया निरनिराळ्या काळांतल्या आणि निरनिराळ्या जातींतल्या. जेवणाबद्दल, शिस्तीबद्दल, पहिल्या रात्रीच्या रडण्याबद्दल त्यांचे एकमत नाही. तो दुसरा प्रश्न मात्र बहुतेकींच्या ध्यानात राहिलेला आहे. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते याच प्रश्नाविषयी. घर सोडून शिकावयास निघालेल्या मुलीला अनोळखी मुलींमध्ये बहीण म्हणून जागा कशी मिळते, आणि ती कोणत्या कसोटीवर मिळते?

या गोष्टीला अमेरिकेत एक रीतसर संस्थाच आहे. तिला तिकडे सोरोरिटी म्हणतात; आपण भगिनीमंडळ म्हणू. लॅटिनमधला 'सोरोर' आणि आपल्या संस्कृतातला 'स्वसृ' हे एकाच मुळाचे शब्द, तेव्हा शब्द तरी आपल्याला परका नाही. १८५१ साली जॉर्जिया राज्यातील मेकन येथे स्त्रियांच्या महाविद्यालयात असे पहिले मंडळ निघाले. १८६७ साली इलिनॉयमधील मन्मथ येथे बारा विद्यार्थिनींनी आणखी एक काढले. १८७० साली इंडियानामध्ये चौघींनी जे मंडळ स्थापले त्याची जन्मकथा मोठी बोलकी आहे. तेथील महाविद्यालयाने मुलींना नुकताच प्रवेश दिला होता, पण मुलांच्या मंडळांची दारे बंदच होती. एका मंडळाने त्यांच्यातल्या एकीला आपले मानचिन्ह देऊ केले, सभासदत्व मात्र नाकारले, असे सांगतात. तेव्हा तिने आपलेच मंडळ उभे केले आणि मुलांच्या मंडळांप्रमाणेच त्याला ग्रीक अक्षरांचे नाव दिले. 'सोरोरिटी' हा शब्द पुढे १८८२ साली एका लॅटिनच्या प्राध्यापकाने सुचविला.

नव्या मुलीने या मंडळात शिरावयाचे म्हणजे काही आठवडे जुन्या मुलींच्या नजरेखाली वावरावयाचे. चहापाणी होते, गप्पा होतात, आणि बंद दाराआड तिच्याविषयी मते घेतली जातात. पसंत पडली तर आमंत्रण येते; मग उमेदवारीचा काळ, त्यानंतर शपथ आणि गुप्त विधी. दार बंद होते म्हणून ज्यांनी नवे घर बांधले त्यांनी आपल्या घरालाही दार बसविले आणि त्याची कडी आतून लावली. ज्यू मुलींना प्रवेश मिळेना, तेव्हा १९०३ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी स्वतःचे मंडळ काढले. कृष्णवर्णीय मुलींनी १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात आपले पहिले मंडळ स्थापले. त्याच विद्यापीठातल्या बावीस जणींनी १९१३ च्या जानेवारीत दुसरे काढले आणि ३ मार्चला स्त्रियांच्या मताधिकाराच्या मिरवणुकीत त्या सामील झाल्या. कृष्णवर्णीय स्त्रियांनी मागे चालावे असा त्या मिरवणुकीत काहींचा आग्रह होता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाला वैद्यकी शिकावयास गेल्या. त्यांना भगिनी मिळाल्या नाहीत असे नाही. १८८५ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे, त्यात त्या जपानच्या व सीरियाच्या विद्यार्थिनींबरोबर आपापल्या देशी वेषात दिसतात. परंतु परदेशात त्यांना पहिला आधार दिला तो न्यूजर्सीच्या कार्पेंटरबाईंनी, आणि त्यांना आनंदीबाईंनी हाक मारली ती 'मावशी' म्हणून. हे आम्हांस फार मराठी वाटते. आपल्याकडे परक्याला आपले करण्याची रीत म्हणजे नात्याचे नाव देणे. आणि मावशीला मत देऊन निवडीत नाहीत!

शपथेचा प्रकार आपल्याकडेही झाला, पण त्याचे वळण निराळे. महर्षी कर्व्यांनी १९०८ साली निष्काम कर्ममठ स्थापिला. पार्वतीबाई आठवल्यांसारख्या स्त्रियांनी जन्म संस्थेला वाहण्याची प्रतिज्ञा घेतली. मैत्री किंवा मौज यांचा तेथे प्रश्न नव्हता. विधवेच्या वाट्याला आलेल्या जिण्यातून काढलेली ती वाट होती. पण हिंगण्याची शाळा मुख्यतः पांढरपेशा घरांतील मुलींची राहिली, आणि तिच्या गुणांबरोबर हेही सांगितले पाहिजे. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९०१ पासून जातवार वसतिगृहे काढली, कारण दुसऱ्याच्या पंक्तीला कोणी कोणाला बसू देत नव्हते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींचे बोर्डिंग चालविले. पण ही घरे मुलांची. मुलीसाठी एका चुलीवर शिजणारे वसतिगृह उभे राहण्यास पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली.

आमच्या मराठवाड्यात तर सगळेच उशिरा आले. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले, त्याचे माध्यम उर्दू. औरंगाबादेत इंटरमीजिएट कॉलेज झाले ते १९२३ साली. पदवीपर्यंत शिकावयाचे तर हैदराबाद गाठावे लागे, आणि मुलीला तितक्या दूर धाडणारा बाप विरळा. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान मुक्त झाले. दोन वर्षांच्या आत, जून १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय सुरू केले. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनी, १९५८ साली आले. ज्यांच्या घरात कोणी पाटी धरली नव्हती अशी मुले, आणि मागाहून मुलीही, वळकट्या घेऊन या गावाकडे निघाल्या त्या तेव्हापासून.

बाबासाहेबांनी महाविद्यालयाला नाव दिले मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद म्हणजे मिनँडर, एक ग्रीक राजा. अमेरिकेतल्या मुलींनी ग्रीकांची अक्षरे घेतली. औरंगाबादेने घेतला ग्रीकांचा एक प्रश्न विचारणारा माणूस. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात राजा भिक्षू नागसेनाला भेटतो तेव्हा त्याचा आरंभीचाच प्रश्न असतो: आपले नाव काय? नागसेन सांगतात की मला नागसेन म्हणतात, पण हे केवळ व्यवहारापुरते नाव. त्याच्या आत शोधू गेल्यास कोणी सापडावयाचा नाही. मग रथाचा दृष्टान्त येतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. नावावरून माणूस ठरत नाही, हा विचार ज्या संवादाच्या दारातच उभा आहे त्याचे नाव या महाविद्यालयाला मिळाले. आणि आसपासच्या वसतिगृहांच्या दारांत आडनाव विचारले जात होते!

नागसेनवनापासून लेणी फार लांब नाहीत. सातव्या लेण्यात एक नर्तकी कोरलेली आहे, तिच्या भोवती वाद्ये वाजविणाऱ्या साऱ्या स्त्रियाच. त्या काही भिक्षुणी नव्हेत. पण दख्खनच्या लेण्यांशी भिक्षुणींचा संबंध जुना आहे. कान्हेरी व कुडे येथील लेखांत प्रव्रजित स्त्रियांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. भारतातल्या घराबाहेरच्या बहिणींच्या फार जुन्या संघांपैकी तो एक, आणि त्यात नव्या स्त्रीला कसे घेत याचे वर्णन विनयपिटकात बारकाईने केलेले आहे. आधी दोन वर्षे तिने शिक्षमाणा म्हणून सहा नियम पाळावयाचे. मग संघापुढे तिला प्रश्न विचारीत. तू स्वतंत्र आहेस का? ऋणमुक्त आहेस का? मातापित्यांची, पतीची अनुज्ञा आहे का? वीस वर्षे पुरी झाली का? पात्र, चीवर आहे का? तुझे नाव काय, आणि तुला आणणारीचे नाव काय? यादी एवढ्यावर संपत नाही. शरीराच्या व्याधींविषयीही विचारीत. पुरुष भिक्षूंसमोर त्यांची उत्तरे देताना नव्या स्त्रिया लाजल्या, त्यांना बोलवेना. म्हणून नियम बदलला: आधी स्त्रियांच्या संघाने विचारावे. पुढे असेही ठरले की तिला बाजूला नेऊन काय विचारतील ते आधी समजावून द्यावे. नव्या मुलीच्या लाजेची इतकी दखल घेणारा दुसरा प्राचीन नियमग्रंथ आमच्या वाचनात नाही.

या यादीत जात नाही. थेरीगाथेत गणिका आंबपाली आहे, दासीकुळातली पुण्णा आहे. पण आम्ही येथे भाबडेपणा करू इच्छीत नाही. दासीला मुक्त झाल्यावाचून प्रवेश नव्हता, आणि शंभर वर्षांच्या भिक्षुणीनेही कालच्या भिक्षूला वंदन करावे असा दंडक होता. कडी तेथेही होती. फक्त ती आडनावावर लावलेली नव्हती.

आडनावाच्या प्रश्नाला या शहरात पुढे आणखी धार आली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे हा प्रश्न धुमसत राहिला. त्या वर्षांत कोणती मुलगी कोणत्या वसतिगृहात सुरक्षित, याचा विचार गावाकडचे वडील मुलीची ट्रंक भरतानाच करीत. अमेरिकेत जे काम बंद खोलीतल्या मतदानाने होई ते येथे घरीच होऊन जाई. दारात विचारावयास काही उरत नसे. आमच्या मते या शहराच्या शिक्षणाच्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत कमी लिहिली गेली आहे. महाविद्यालये किती निघाली याच्या याद्या सर्वत्र मिळतात. कोणाच्या शेजारची खाट कोणाला मिळाली, हे कोठे नोंदलेले नाही.

तरीही सारी कथा अशीच आहे असे कोणी समजू नये. आम्हांस सांगणाऱ्यांपैकी एकीने पहिल्या रात्री भीतीने आडनाव खोटे सांगितले होते. शेजारच्या खाटेवरच्या मुलीला आठ दिवसांत ते कळले. टपाल आले होते, पाकिटावर खरे नाव होते. तिने ते पाकीट कोणाला न दाखविता हिच्या उशीखाली ठेवले. पुढे दोघी चार वर्षे एका खोलीत राहिल्या, आणि त्या पाकिटाविषयी एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत.

नव्या मुलीला विचारण्याच्या, पिडण्याच्या प्रकाराला आता कायद्याने लगाम आहे. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगबंदीचा कायदा केला. २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम करून विद्यार्थ्याकडून व पालकाकडून प्रवेशाच्या वेळीच हमीपत्र घेण्याचे ठरविले. २०२३ साली शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. स्टेशनावर उतरणाऱ्या मुलीची ट्रंक जाऊन चाकांची बॅग आली. वसतिगृहात शिरताना ती पहिली सही करते ती त्या हमीपत्रावर, आणि तिच्या सहीखाली वडिलांची किंवा आईची सही असते. मग ती वर खोलीत जाते. तेथे एक मुलगी आधीच येऊन बसलेली असते, आणि ती विचारते, "नाव काय तुझं?"