मामा, तुम्ही तर सरकारी पेन्शन घेता!

परवा भाचा आला होता. चहा घेता घेता शरद जोशींचा विषय निघाला आणि नेहमीप्रमाणे मी त्यांची बाजू घेऊन बोलू लागलो. भाच्यानं शांतपणे विचारलं, "मामा, जन्मभर अनुदानित शाळेत पगार घेतलात, आता पेन्शन घेताय, आणि वर म्हणता सरकारनं हात काढून घ्यावा. हे कसं काय?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. म्हणून आज लिहायला बसलो.

पहिला गैरसमज असा की या माणसाला सरकारच नको होतं. खरं तर त्यांचं भांडण होतं ते शेतमालाच्या भावात सरकार घालत असलेल्या हाताशी. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथली जागतिक पोस्टल संघटनेतली नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले. कांदा पिकवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की भाव चढले की निर्यात बंद होते आणि पडले की कुणी फिरकत नाही. त्यातून १९८० चं चाकणचं कांदा आंदोलन उभं राहिलं. शेतकऱ्याला सबसिडी मिळते असं आपण म्हणतो. ती उणे सबसिडी आहे, असं ते म्हणत. गोष्ट जुनी म्हणावी, तर डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात पुन्हा बंद झाली आणि मे २०२४ मध्ये उठली.

दुसरा गैरसमज, ते व्यापाऱ्यांचे एजंट. तसं म्हणणाऱ्यांना मी निपाणीची आठवण करून देतो. १९८१ साली तंबाखूचे शेतकरी हमरस्त्यावर ठाण मांडून बसले होते ते व्यापाऱ्यांच्याच विरोधात. एप्रिलमध्ये पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शेतकरी मेले. जोशींचं म्हणणं साधं होतं. घेणारे वाढले की व्यापाऱ्याची पकड सुटते. आपल्या भागात ऊस झोनबंदी होती तेव्हा शेजारचा कारखाना जास्त भाव देत असला तरी ऊस नेमून दिलेल्या कारखान्यालाच घालावा लागे. घेणारा एकच, मग भाव कोण ठरवणार?

तिसरा गैरसमज, दुबळ्यांशी यांना देणंघेणं नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन त्यांनीच भरवलं. पुढं 'लक्ष्मीमुक्ती'त, कायद्याची सक्ती नसताना, शेतकऱ्यांनी आपली जमीन बायकोच्या नावे केली. आणि ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक १८६ विरुद्ध १ मतानं मंजूर झालं, तेव्हा ते एक मत याच माणसाचं होतं! मतदारसंघ आळीपाळीनं राखीव ठेवण्याच्या पद्धतीला त्यांचा विरोध होता. मला ते मत पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण म्हणून त्यांना स्त्रीद्वेष्टे म्हणणं हा चांदवडला आलेल्या बायकांवर अन्याय होईल.

आता खरा अवघड प्रश्न, आणि कोल्हापुरात तो टाळताच येत नाही. मग शाहू महाराज चुकले का? १९०२ चं आरक्षण, राधानगरीचं धरण, १९१७ चा सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम, हे सगळं राज्यसत्तेनंच केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. सक्तीच ती!

इथं मी शरद जोशींच्या कट्टर चाहत्यांबरोबर नाही. जातीनं जे दार शतकानुशतकं बंद ठेवलं होतं, ते आपोआप उघडणार नव्हतं. ती सक्ती पालकाला होती, मुलासाठी मात्र ती सुटका होती. आणि त्याच महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरीची पेठही वसवली, हे आपण विसरतो.

तेव्हा माझं माप एवढंच. सरकारचा हात दार उघडतोय की बाहेरून कडी घालतोय? शाळा काढणारा हात मला हवा. कांद्याच्या गाडीला बंदरावर अडवणारा हात नको.

राहता राहिली पेन्शन. ती मी घेतो, आणि ज्या पैशातून ती येते त्यात उसाचं, तंबाखूचं पिकवणाऱ्यांचाही वाटा आहे हे जाणून घेतो. म्हणूनच त्यांच्या भावाबद्दल गप्प बसणं मला जमत नाही.

भाच्याला हे वाचायला पाठवतोय. बघू काय म्हणतो ते. तुमचंही मत कळवा.