क्षयरोग, परदेशी निधी आणि मुदतीचा प्रश्न

दीर्घकाळ चालणारे रोग हा जितका वैद्यकाचा, तितकाच जमाखर्चाचाही विषय आहे. पटकी किंवा प्लेग येतो, हाहाकार उडवतो आणि ओसरतो. त्याच्यासाठी मंजूर झालेला पैसा खर्ची पडला की संचिका मिटवता येते. क्षय, कुष्ठ, मधुमेह, रक्तदाब यांचे तसे नाही. आज दिलेले औषध उद्याही द्यावे लागते आणि पुष्कळदा पुढील वर्षीही द्यावे लागते. उलटपक्षी, बाहेरून मिळणाऱ्या साहाय्याला मुदत असते. रोगाची मुदत आणि निधीची मुदत यांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नाचा आपल्या देशातील सर्वांत बोधप्रद इतिहास क्षयरोगनिवारणाच्या कार्यात सापडतो. त्यातील महत्त्वाच्या घटना मद्रास, बंगलोर, तुमकूर अशा ठिकाणी घडल्या. तेथे नोकरीनिमित्त राहिलेल्या मराठी वाचकांना ही गावे परिचित असतील, पण हा इतिहास कदाचित नसेल.

स्वातंत्र्यापूर्वी क्षयावरील उपचार म्हणजे विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार. त्यासाठी पाचगणीला, मिरजेजवळ वानलेसवाडीला, दक्षिणेत मदनपल्लीला सॅनिटोरियमे उभी राहिली. ती बहुधा देणग्यांवर आणि मिशनांच्या आश्रयावर चालत. ही व्यवस्था किती अपुरी होती, हे भोर समितीच्या १९४६ च्या अहवालावरून स्पष्ट होते. देशात सुमारे २५ लाख रुग्ण, वर्षाला सुमारे ५ लाख मृत्यू आणि खाटा अवघ्या ६,००० च्या आसपास, असा समितीचा अंदाज होता. म्हणजे एका खाटेमागे चारशेहून अधिक रुग्ण! खाटा वाढवून हा प्रश्न सुटेल, असे मानणाऱ्याला आधी कुबेराचे भांडार शोधावे लागले असते.

युद्धोत्तर काळात आंतरराष्ट्रीय साहाय्याचा पहिला मोठा ओघ आला तो लसीच्या रूपाने. डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडन येथील साहाय्यसंस्था आणि युनिसेफ यांनी मिळून १९४८ ते १९५१ या तीन वर्षांत अनेक देशांत बी. सी. जी. ची मोहीम चालवली. भारतात १९४८ साली मदनपल्लीला तिचा आरंभ झाला, आणि त्याच वर्षी मद्रासमधील गिंडी येथे लस तयार करणारी प्रयोगशाळा सुरू झाली. १९५१ मध्ये परदेशी मोहिमेची मुदत संपली, तरी लस येथेच तयार होत असल्यामुळे सरकारला काम पुढे चालवता आले. पाहुणे गेले तरी चूल पेटती राहिली, ती या प्रयोगशाळेमुळे. मोहिमेवर टीका झाली नाही असे मात्र नव्हे. राजगोपालाचारींसारख्या ज्येष्ठ पुढाऱ्याने १९५५ साली तिला उघड विरोध केला होता.

याच सुमारास औषधे हाती आली होती. स्ट्रेप्टोमायसिन व पी. ए. एस. नंतर १९५२ मध्ये आयसोनियाझिडचा उपयोग सुरू झाला. पी. ए. एस. आणि आयसोनियाझिड पोटात घेता येत असत. तेव्हा रुग्णाला सॅनिटोरियममध्ये ठेवण्याची गरजच आहे काय, असा प्रश्न साहजिकच उभा राहिला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी १९५६ साली मद्रासला क्षयरोग रासायनिक चिकित्सा केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद अशा चौघांची ती भागीदारी होती. केंद्राची धुरा डॉ. वॉलेस फॉक्स यांच्याकडे होती.

प्रयोगाची रचना साधी, पण कसोशीची होती. शहरातील गरीब वस्त्यांमधून १९३ रुग्ण निवडले. कोणी घरी राहावयाचे आणि कोणी सॅनिटोरियममध्ये जावयाचे, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यदृच्छेने ठरवले. दोन्ही गटांना एक वर्ष तीच औषधे दिली. सॅनिटोरियममधील रुग्णांना चांगला आहार व पूर्ण विश्रांती मिळे. घरच्यांच्या वाट्याला दाटीवाटीची खोली, अपुरे अन्न आणि लवकरच पुन्हा कामाची दगदग येई. औषध खरोखर घेतले जाते की नाही, हे पाहण्यासाठी अवचित घरी जाऊन गोळ्या मोजल्या जात व लघवीची तपासणी होई. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षअखेर घरच्या गटातील ८६ टक्के आणि सॅनिटोरियममधील ९२ टक्के रुग्णांचा रोग शमलेला आढळला. पाच वर्षांच्या पाहणीनंतर हा लहानसा फरकही उरला नाही. दोन्ही गटांत हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास होते. घरी राहिलेल्या रुग्णांमुळे कुटुंबीयांना अधिक लागण झाली, असेही दिसले नाही.

या निष्कर्षाचा आर्थिक अर्थ फार मोठा होता. खाटांसाठी लागणारा डोंगराएवढा खर्च अनिवार्य नाही, हे सिद्ध झाले, आणि ज्याला घरदार सोडून पर्वतावर जाणे परवडत नव्हते अशा माणसालाही जगण्याची वाट मोकळी झाली. परदेशी पैशाने येथे इस्पितळे बांधली नाहीत. त्याने एका प्रश्नाचे उत्तर मिळवून दिले. उत्तर एकदा मिळाले की त्याची मुदत संपत नाही. ते केंद्रही पुढे भारतीय परिषदेची कायम संस्था झाले.

परंतु उत्तर मिळणे निराळे आणि ते अंमलात येणे निराळे. १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने बंगलोरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली. तेथील देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात केलेली पाहणी १९६३ साली प्रसिद्ध झाली. खेड्यातील माणूस अज्ञानामुळे दवाखान्यात येत नाही, हा समज तिने खोटा ठरवला. लक्षणे असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक सरकारी दवाखान्याची पायरी चढून आले होते. तेथून बहुतेकांना खोकल्याची बाटली देऊन परत पाठवले गेले होते. दोष रुग्णाच्या अज्ञानात नसून व्यवस्थेच्या दुर्लक्षात होता. बंगलोरच्या या अभ्यासांवर १९६२ चा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आधारलेला होता. वेगळी इस्पितळे न काढता जिल्ह्यातील नेहमीच्या दवाखान्यांतूनच थुंकीची तपासणी व औषधे द्यावीत, असे त्याचे सूत्र होते. युनिसेफने क्ष-किरण यंत्रे, वाहने व औषधे पुरवली.

पुढचा इतिहास मात्र उत्साहवर्धक नाही. यंत्रे आली, पण औषधांचा पुरवठा अखंड राहिला नाही. केंद्रे उघडली, पण नेमलेली माणसे टिकली नाहीत. १९९२ साली भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि स्वीडनची साहाय्यसंस्था यांनी मिळून आढावा घेतला, तेव्हा उपचार पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहूनही कमी असल्याचे निघाले. मद्रासला गोळ्या मोजणारी माणसे होती. जिल्ह्याजिल्ह्यांत ती नव्हती. एकदाच करावयाचा खर्च देणारे हात पुष्कळ होते, पण वर्षानुवर्षे करावयाचा खर्च कोणी उचलावयाचा, हे नीट ठरलेच नव्हते.

१९९३ पासून निवडक ठिकाणी आणि १९९७ पासून मोठ्या प्रमाणावर सुधारित कार्यक्रम सुरू झाला, तो जागतिक बँकेच्या सुमारे १४ कोटी डॉलरच्या कर्जावर. ओरिसात डेन्मार्कने, आंध्रात ब्रिटनने हातभार लावला. मार्च २००६ मध्ये हा कार्यक्रम साऱ्या देशभर पोहोचला. कर्ज फेडावयाचे असते. म्हणून असेल किंवा पूर्वानुभवामुळे असेल, या वेळी इमारतींपेक्षा रुग्णाने डोस घेतला की नाही याच्या नोंदीला महत्त्व आले. पुढे खर्चाचा मोठा भाग देशाच्या तिजोरीतून होऊ लागला. २०१८ पासून रुग्णाला आहारासाठी दरमहा ५०० रुपये मिळू लागले व २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते १,००० झाले. मद्रासच्या प्रयोगात घरच्या रुग्णाच्या ताटात जे कमी पडत होते, त्याची दखल अशी साठ वर्षांनी घेतली गेली.

परावलंबनाची दुसरी बाजू २०२५ मध्ये दिसली. अमेरिकेने आपल्या परराष्ट्र-साहाय्य संस्थेचे काम गुंडाळले, तेव्हा तिच्या पैशावर उभे असलेले अनेक देशांतील क्षयरोगाचे कार्य एकाएकी डळमळले. ज्यांनी दैनंदिन औषधाचा खर्च आधीच स्वतःकडे घेतला होता, त्यांना हा धक्का सोसता आला.

मधुमेह व रक्तदाब यांच्या बाबतीत हाच धडा अधिक निकडीचा आहे. क्षयाचा उपचार काही महिन्यांत संपतो. या रोगांचा उपचार जन्मभर चालतो. या आजारांचा प्रश्न सप्टेंबर २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या उच्चस्तरीय सभेत मांडला गेला खरा; तथापि आरोग्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय साहाय्यातील त्यांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपासच राहिला. म्हणून बाहेरच्या पैशाचा उपयोग कशासाठी करावयाचा, हे विचारपूर्वक ठरवणे भाग आहे. २०१७ साली भारतीय परिषद, केंद्र व राज्य सरकारे, जागतिक आरोग्य संघटना आणि एक परदेशी संस्था यांनी महाराष्ट्रासह पाच राज्यांत रक्तदाबनियंत्रणाचा उपक्रम आरंभला. त्यात ठरावीक औषधक्रम, अखंड पुरवठा आणि घराजवळच्या केंद्रातील नोंद यांवर भर होता. ही दिशा मद्रास-तुमकूरच्या अनुभवाशी जुळणारी आहे.

सारांश, परकीय निधीने शोध, प्रशिक्षण आणि आरंभ यांचा भार उचलावा. रोजच्या गोळीचा खर्च मात्र पहिल्या वर्षापासूनच आपल्या अंदाजपत्रकात असावा. देणाऱ्याची मुदत पाच वर्षांची असते, अधिकाऱ्याची बदली बहुधा तीन वर्षांत होते. रुग्णाला मात्र त्याच गावात, त्याच दवाखान्याच्या दारी महिन्यामागून महिने यावे लागते. जिल्ह्याचा कार्यभार सोपवताना औषधांचा साठा आणि अर्धवट उपचारांतील रुग्णांची यादी यांची नोंद जो अधिकारी आपल्या उत्तराधिकाऱ्याच्या हाती बारकाईने देतो, तो या साखळीतील आपला दुवा तुटू देत नाही.