खेळयंत्रांची मूलप्रणाली : एक टिपण

दौंडहून बारामतीस जाणारा लोहमार्ग पूर्वी अरुंद मापाचा होता. रुंद मार्गाने आलेला माल दौंडला उतरवून निराळ्या डब्यांत भरावा लागे. जुन्या संगणकीय खेळांच्या अभ्यासकापुढे आज काहीशी अशीच अडचण उभी राहते. खेळाची तबकडी हाती असून भागत नाही. ज्या यंत्रासाठी ती घडविली गेली, त्याची मूलप्रणाली, म्हणजेच बायोसची फाइल, जवळ असावी लागते.

सर्वच खेळांस ती लागते असे नव्हे. निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या, आपल्याकडील मुलांच्या भाषेत, ‘कॅसेट’मधील कार्यक्रम यंत्र थेट वाचते. तबकडीवरील खेळांची गोष्ट वेगळी.

तिचे एक उदाहरण शिरूर तालुक्याशी, दूरान्वयाने का होईना, जोडता येते. रांजणगावच्या औद्योगिक क्षेत्रात ज्या एल.जी. कंपनीचा कारखाना आहे, ती १९९५ पूर्वी गोल्डस्टार म्हणून ओळखली जाई. थ्रीडीओ या कंपनीने स्वतः यंत्रे न काढता केवळ आराखड्याचा परवाना दिला. त्यानुसार १९९३ मध्ये पॅनासॉनिकने व पुढे गोल्डस्टारनेही खेळयंत्र काढले. १९९६ पर्यंत हा उद्योग संपला. रांजणगावचा कारखाना त्यानंतरचा. परंतु रास्पबेरी पायसारख्या छोट्या फलकावर घरीच खेळयंत्र उभारून थ्रीडीओचे खेळ चालवू पाहणाऱ्यास आजही पॅनासॉनिकच्या अथवा गोल्डस्टारच्या चिपमधून उतरवलेली एक मेगाबाइटची फाइल शोधावी लागते.

ती उतरवून घेणे वैध काय? कॉपीराइट अधिनियम, १९५७ यात १९९९ च्या दुरुस्तीने एक तरतूद आली. स्वतंत्रपणे रचलेला कार्यक्रम दुसऱ्याशी जुळविण्यासाठी आवश्यक आणि अन्यथा सहज न मिळणारी माहिती काढण्याची मुभा तिने दिली. मात्र ती मूळ कार्यक्रमाच्या कायदेशीर धारकासच. अमेरिकेत २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अपील न्यायालयाने याच दिशेचा निर्णय दिला. कनेक्टिक्सने अभ्यासापुरती सोनीच्या बायोसची प्रत केली होती, पण तिच्या अंतिम कार्यक्रमात सोनीची एकही ओळ नव्हती. उसनी फाइल वापरणारा या दोहोंपैकी कोणाच्याही पंक्तीत बसत नाही.

इतिहासलेखकाची खरी चिंता येथे आहे. मुभा धारकास आहे, आणि धारकत्व यंत्राशी निगडित आहे. यंत्र भंगारात गेले की फाइल उरते, पण ती कोणत्या चिपमधून, कोणी व कोणत्या अधिकाराने घेतली हे सांगणारा पुरावा उरत नाही. मोडीतील कागदाची नोंद करताना आपण दप्तर व रुमाल लिहून ठेवतो. या फाइलींबाबत निदान यंत्राचा नमुना-क्रमांक, चिपवरील खूण आणि प्रत घेतल्याची तारीख एवढे तरी लिहिले जावे.