टेनिसपटू लीला राव यांच्या जडणघडणीतील कुटुंबाचे स्थान : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

क्रीडाक्षेत्राचा इतिहास लिहिताना सामन्यांचे निकाल आणि विजेत्यांच्या याद्या यांवरच बहुधा भर दिला जातो. खेळाडू ज्या घरात वाढला त्या घराचा उल्लेख येतो, पण तो एखाद्या वाक्यापुरता. टेनिससारख्या खर्चिक आणि प्रदीर्घ काळ क्लबांच्या आवारातच राहिलेल्या खेळाच्या बाबतीत ही पद्धत अपुरी ठरते. स्वातंत्र्यपूर्व काळात मुलींना हा खेळ शिकविणारी संस्था जवळजवळ नव्हती. त्यामुळे खेळण्याची परवानगी, साधने, सोबत आणि प्रोत्साहन या सर्व गोष्टी घरातूनच याव्या लागत.

१९३४ साली विम्बल्डनच्या एकेरीत सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून लीला राव यांचे नाव घेतले जाते. महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात मात्र त्यांच्या मातोश्री पंडिता क्षमाबाई राव आणि आजोबा शंकर पांडुरंग पंडित हेच अधिक परिचित आहेत. या तीन पिढ्यांचा संबंध लक्षात घेऊन लीला राव यांच्या क्रीडाजीवनाला कुटुंबाने कोणते वळण दिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आजोबांचा वारसा

शंकर पांडुरंग पंडित हे एकोणिसाव्या शतकातील नामवंत संस्कृत पंडित होत. कालिदासाच्या ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या, 'गउडवहो' या प्राकृत काव्याचे संपादन आणि सायणभाष्यासह अथर्ववेद ही त्यांची कामे आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात. विष्णुशास्त्री पंडित यांच्यासमवेत त्यांनी सिद्ध केलेली तुकारामबोवांच्या अभंगांची आवृत्ती 'इंदुप्रकाश प्रत' या नावाने प्रसिद्ध आहे. विष्णुशास्त्री हे विधवाविवाह चळवळीचे अग्रणी होते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ग्रंथसंपादन आणि सुधारणा यांचे वारे ज्या वर्तुळात एकत्र वाहत होते, त्या वर्तुळातील हे घर होते.

१८९४ साली शंकर पांडुरंगांचे निधन झाले, तेव्हा १८९० मध्ये जन्मलेली त्यांची कन्या क्षमा अवघी तीन-चार वर्षांची होती. म्हणजे पित्याकडून तिला प्रत्यक्ष शिक्षण मिळाले असे म्हणता येत नाही. मिळाले ते नाव, आणि त्या नावाला शोभेल असे काही करून दाखविण्याची ओढ. पुढे १९३९ मध्ये क्षमाबाईंनी 'शंकरजीवनाख्यानम्' हे पित्याचे चरित्र संस्कृत पद्यात लिहिले आणि १९५० मध्ये 'तुकारामचरितम्' प्रसिद्ध केले. वडिलांनी ज्या संताचे अभंग संपादित केले, त्याचे चरित्र मुलीने रचावे हा योगायोग खचित नव्हे. कौटुंबिक प्रभाव केवळ सहवासातूनच पडतो असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य पाहावे.

मातेचे मैदान

क्षमाबाईंचा विवाह मुंबईचे डॉ. राघवेंद्र राव यांच्याशी झाला. ते वैद्यकीय संशोधक होते. कुष्ठरोगासारख्या विषयांवर त्यांचे काम होते. या संसारात क्षमाबाईंना प्रवासाची, भाषाध्ययनाची आणि खेळण्याची मोकळीक मिळाली. त्या काळातील विवाहित स्त्रीच्या दृष्टीने ही मोकळीक सामान्य म्हणता येणार नाही. क्षमाबाई टेनिस खेळत आणि स्पर्धांतही उतरत. आरंभी त्यांनी इंग्रजीत कथा लिहिल्या व नंतर संस्कृतकडे वळून कथा, काव्य आणि चरित्रे अशी विपुल रचना केली.

१९११ मध्ये जन्मलेल्या लीलाबाई अशा घरात वाढल्या. आई रॅकेट हाती घेऊन मैदानात उतरते हे दृश्य त्यांच्या दृष्टीने नवलाचे नव्हते. मुलीने खेळावे की नाही हा प्रश्न ज्या पिढीत अन्य घरांतून वादाचा होता, त्या पिढीत राव यांच्या घरी तो आईच्या उदाहरणानेच निकालात निघाला होता. कुटुंबाने लीलाबाईंना दिलेली सर्वांत मोठी गोष्ट कोणती, असे विचारल्यास त्याचे उत्तर हेच द्यावे लागेल. प्रशिक्षक पैसे देऊन मिळविता येतो, पण संकोच घालविणारी आई तशी मिळत नाही.

अर्थात राव कुटुंब अगदी एकटे नव्हते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये टेनिस खेळलेल्या लेडी मेहरबाई टाटा या मुंबईच्याच. १९२९ मध्ये विम्बल्डनमध्ये खेळणाऱ्या पहिल्या भारतीय महिला जेनी सँडिसन या अँग्लो-इंडियन समाजातील होत्या. उद्योगपतीचे घर, अँग्लो-इंडियन समाज आणि डॉक्टरांचे विद्याव्यासंगी घर असे हे तीन निरनिराळे मार्ग दिसतात. यांपैकी कोणताही मार्ग सर्वसामान्य मराठी घरातून जात नव्हता.

सत्याग्रहाचे काव्य आणि विम्बल्डनची हिरवळ

लीला राव यांनी १९३१ ते १९४३ या काळात अखिल भारतीय स्पर्धेतील महिला एकेरीचे विजेतेपद सात वेळा मिळविले. यांतील पहिले विजेतेपद १९३१ चे. सविनय कायदेभंगाची चळवळ तेव्हा देशभर गाजत होती. त्याच चळवळीवर क्षमाबाईंनी 'सत्याग्रहगीता' हे संस्कृत काव्य रचले. ब्रिटिश अमलात अशा ग्रंथाचे प्रकाशन सोपे नव्हते, म्हणून ते १९३२ मध्ये पॅरिस येथून प्रसिद्ध झाले. दोनच वर्षांनी मुलगी लंडनच्या हिरवळीवर उतरली. पहिल्या फेरीत तिने इंग्लंडच्या ग्लॅडिस साउथवेल हिला हरविले व दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अडामॉफकडून ती पराभूत झाली. १९३५ मध्ये ती पुन्हा विम्बल्डनला गेली, परंतु पहिल्याच फेरीत हरली.

आईने राज्यकर्त्यांविरुद्ध काव्य रचावे आणि मुलीने राज्यकर्त्यांच्या खेळात नाव मिळवावे, यात वरवर पाहता विसंगती वाटते. तथापि या घराची रीत पाहिली म्हणजे ती फारशी उरत नाही. स्त्रियांना सहसा न शिकविली जाणारी देवभाषा आईने आत्मसात केली आणि तिच्यातून समकालीन राजकारण सांगितले. साहेबांच्या क्लबातील खेळ मुलीने आत्मसात केला आणि साहेबांच्याच देशात सामना जिंकला. दोन्ही ठिकाणी वृत्ती एकच दिसते. जे आपल्यासाठी नाही असे मानले जाते, त्यात थेट प्रवेश करावयाचा.

याच काळातील युरोपचे उदाहरण ताडून पाहता येईल. फ्रान्सच्या सुझान लँग्लेन हिला तिचे वडील चार्ल्स यांनी लहानपणापासून कठोर शिस्तीत घडविले. १९१९ मध्ये ती विम्बल्डनची विजेती झाली आणि १९२६ मध्ये व्यावसायिक खेळाडू बनली. तेथे पित्याने मुलीच्या खेळालाच घराचे कार्य मानले. राव यांच्या घरी टेनिस हे संस्कृत, प्रवास आणि नृत्य यांच्या पंक्तीत बसले. एक अंग म्हणून त्याला मान होता, सर्वस्व म्हणून नव्हे. विम्बल्डनच्या दुसऱ्या फेरीपुढे लीलाबाई गेल्या नाहीत, याचे एक कारण येथे असू शकेल. देशात वर्षभर तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळणे कठीण होते, हेही तितकेच खरे.

घराबाहेरच्यांचे काय?

कुटुंबाचा असा गौरव करताना एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. घरावर अवलंबून असणारा खेळ ज्यांच्या घरी काही नाही त्यांना दूर ठेवतो. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळविले. आदिवासी पाड्यावरील मुलीला धावण्याचा मार्ग सापडला, टेनिसचा सापडला असता काय? नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा, धडगाव भागातही हाच प्रश्न विचारता येतो. जे काम मुंबईच्या त्या घराने केले, त्यातील काही वाटा येथे आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धा उचलतात. पण त्या मैदानांवर कबड्डी, खो-खो आणि धावणे असते.

स्वातंत्र्योत्तर काळातील नाटेकर कुटुंबाचे उदाहरणही येथे उद्बोधक आहे. सांगलीचे नंदू नाटेकर आरंभी टेनिस खेळत. कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. कृष्णन यांना त्यांच्या वडिलांनीच खेळ शिकविला होता. नाटेकरांचे पुत्र गौरव यांनी टेनिसच निवडले आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसच्या साथीने दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. पित्याने सोडलेला खेळ पुत्राने पूर्णत्वास नेला. मात्र तोपर्यंत खेळ हा चरितार्थाचा विषय होऊ शकत होता. लीलाबाईंच्या काळात तशी शक्यताच नव्हती.

उत्तरायुष्य

१९४३ मध्ये लीलाबाईंचा विवाह सनदी अधिकारी हरीश्वर दयाल यांच्याशी झाला. पुढे दयाल नेपाळमध्ये भारताचे राजदूत होते आणि १९६४ मध्ये तेथील खुंबू भागात त्यांचे निधन झाले. लीलाबाईंनी भारतीय नृत्याचा अभ्यास करून 'नृत्तमंजरी' सारखे ग्रंथ लिहिले. आईच्या संस्कृत कथांना त्यांनी नाट्यरूपही दिले. क्षमाबाईंनी पित्याचे चरित्र लिहिले होते, लीलाबाईंनी मातेच्या कथा रंगभूमीसाठी सिद्ध केल्या. घराची ही रीत दुसऱ्या पिढीतही टिकली.

या रीतीचा एक परिणाम मात्र क्रीडा-इतिहासाला भोवला आहे. संस्कृत वाङ्मयाच्या अभ्यासकांना लीला राव-दयाल या क्षमाबाईंच्या कन्या व नाटककार म्हणून ठाऊक आहेत. मुत्सद्देगिरीच्या इतिहासात त्या राजदूताच्या पत्नी म्हणून येतात. टेनिसच्या इंग्रजी याद्यांत त्यांचे आडनाव 'रो' असे आहे. तीन ठिकाणच्या या तीन स्त्रिया एकच होत, हे जुळविण्यासाठी अभ्यासकाला आजही आधी त्यांच्या आईच्या ग्रंथांपासून सुरुवात करावी लागते.