'ऑनर्स' डिग्री म्हणजे नेमकं काय? वाशीसारख्या गावातल्या बी.ए., बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी चौथं वर्ष करावं का?

बारावीचा निकाल लागला की रील्स सुरू होतात : 'आता तीन वर्षांच्या डिग्रीला किंमत नाही', 'ऑनर्स केलं नाही तर एम.ए. विसरा'. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत कर्मवीर मामासाहेब जगदाळे महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलामुलींच्या मोबाइलवरही हेच फिरत असतं. या दोन्ही वाक्यांत तथ्य नाही. पण ऑनर्स नावाची गोष्ट खरी आहे, आणि तिच्यासाठी घरातून एक वर्षाचा जादा खर्च काढायचा की नाही हा प्रश्नही खरा आहे.

आधी नावाचा गोंधळ. अमेरिकेतल्या विद्यापीठांत प्रत्येकाला काही सामान्य विषय घ्यावेच लागतात. इंजिनिअरिंगवाल्यालाही इतिहास, साहित्यवाल्यालाही गणित. तिथे याच विषयांची एक 'ऑनर्स' तुकडी असते : विद्यार्थी कमी, चर्चा जास्त, लिखाण जास्त. स्वार्थमोर कॉलेजात फ्रँक आयडेलॉट यांनी १९२२ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगानंतर 'हुशार मुलांना वेगळं शिकवा' ही कल्पना तिकडे पसरली. भारतात दिल्ली विद्यापीठाने 'बी.ए. ऑनर्स' हे नाव तीन वर्षांच्या, एकाच विषयावर भर देणाऱ्या पदवीला दिलं. महाराष्ट्रात आता जे ऑनर्स आलंय ते या दोन्हींपेक्षा निराळं आहे. इथे ऑनर्स म्हणजे चौथं वर्ष.

हे कुठून आलं? २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, त्यावर यूजीसीने डिसेंबर २०२२ मध्ये काढलेला आराखडा, आणि मग राज्य सरकारचा २० एप्रिल २०२३ चा शासन निर्णय. स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून अंमलबजावणी झाली. वाशी हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात येतं. म्हणजे इथे २०२४ मध्ये एफ.वाय.ला बसलेल्या बॅचसाठी ऑनर्सचा निर्णय २०२७ च्या उन्हाळ्यात येतो.

हिशेब क्रेडिटचा आहे. थिअरीचे १५ तास म्हणजे १ क्रेडिट. तीन वर्षांत १२० ते १३२ क्रेडिट झाले की पदवी. चार वर्षांत १६० ते १७६ झाले की ऑनर्स पदवी. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट किंवा दुसऱ्यानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, पण त्यासाठी ४ क्रेडिटचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप वेगळी करावी लागते.

मग सामान्य विषयांचं काय?

खरी गंमत इथे आहे. ओपन इलेक्टिव्ह (१० ते १२ क्रेडिट), भाषा (८), मूल्यशिक्षण (४) आणि भारतीय ज्ञानप्रणाली (२) हे सगळं ऑनर्स करणाऱ्याला आणि न करणाऱ्याला सारखंच. त्यांची 'ऑनर्स आवृत्ती' आपल्याकडे नाही. हे विषय मुख्यतः पहिल्या दोन वर्षांतच संपतात. चौथ्या वर्षी मेजर विषय, संशोधन पद्धती आणि ऑन जॉब ट्रेनिंग किंवा प्रकल्प एवढंच उरतं.

ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचं घ्यावं लागतं. इतिहास मेजर असेल तर विज्ञान किंवा वाणिज्य शाखेतलं काहीतरी. कागदावर हे छान दिसतं. पण तालुक्याच्या कॉलेजात जेवढे प्राध्यापक, तेवढीच निवड. पुण्या-मुंबईच्या मुलाला मोठी यादी मिळते, वाशीच्या मुलीला वेळापत्रकात जे बसतं ते. यावर एक वाट आहे, 'स्वयम' पोर्टल. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात. मात्र कोर्सला नाव नोंदवण्याआधी कॉलेज तो मान्य करणार का, हे विचारून घ्यायला हवं. नंतर विचारण्यात अर्थ नसतो.

चौथ्या वर्षाने काय मिळतं?

एम.ए. किंवा एम.एस्सी. दोनऐवजी एका वर्षात करता येतं. म्हणजे ३+२ काय आणि ४+१ काय, एकूण वर्षं पाचच! चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर नेट परीक्षा आणि पीएच.डी. प्रवेशाची दारं थेट उघडतात. आरक्षित प्रवर्गांना गुणांत सवलत आहे. एमपीएससी, यूपीएससीला मात्र तीन वर्षांची पदवी पूर्वीसारखीच चालते. ज्याचं लक्ष्य पीएसआय किंवा तलाठी आहे, त्याने चौथ्या वर्षात अडकण्याचं कारण दिसत नाही.

चौथ्या वर्षाचेही दोन प्रकार. साधं ऑनर्स आणि 'ऑनर्स विथ रिसर्च'. दुसऱ्यासाठी पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात आणि १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. शिवाय त्या विभागात पीएच.डी.ला मार्गदर्शन करू शकणारे पूर्णवेळ प्राध्यापक हवेत. लहान कॉलेजांची गाडी अडते ती इथेच. आपल्या कॉलेजात ही सोय नसेल तर विद्यार्थ्याला दुसरीकडे जावं लागणार. खोलीचं भाडं, मेस, एसटीचा पास हे सगळं हिशेबात धरावं लागणार.

म्हणून प्रवेश घेतानाच ऑफिसात तीन गोष्टी विचाराव्यात : माझ्या मेजर विषयाला चौथ्या वर्षाची मान्यता आहे का, असेल तर साधं की रिसर्च, आणि शिष्यवृत्ती चौथ्या वर्षालाही लागू राहते का. उत्तर तोंडी मिळालं तर परिपत्रक दाखवा म्हणावं.

आणि तीन वर्षांनी थांबलं तरी दार बंद होत नाही. क्रेडिट 'अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा राहतात आणि साधारण सात वर्षांपर्यंत वापरता येतात. त्यासाठी अपार आयडी काढलेला असावा, आणि त्यावरचं नाव मार्कशीटवरच्या नावाशी तंतोतंत जुळायला हवं.