पाण्याच्या गाठी

परवा मुरबाडहून ताईचा फोन आला. नऊ वर्षांच्या भाच्याचं पोट दुखत होतं म्हणून सोनोग्राफी केली. दुखणं दोन दिवसांत थांबलं, पण रिपोर्टात भलतंच निघालं. दोन्ही किडन्यांत मिळून चार लहान 'सिस्ट', म्हणजे पाण्याच्या गाठी. ताईचा पहिला प्रश्न, "कापून काढायच्या का रे?"

नाही काढायच्या. कल्याणच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. लक्ष ठेवायचं, बस्स. मग मी जरा वाचत बसलो.

१५८६ साली पोलंडचा राजा स्टेफान बाथोरी वारला. शव उघडून पाहिलं तेव्हा त्याच्या किडन्या बैलाच्या किडन्यांएवढ्या आणि उंचसखल दिसल्या. आजचे अभ्यासक म्हणतात, हाच तो गाठींचा आजार असावा. म्हणजे राजा असला तरी गाठी कळायच्या त्या मेल्यावर! 'पॉलिसिस्टिक' हे नाव १८८८ मध्ये फ्रान्सच्या फेलिक्स लजार्सनी दिलं. जिवंत माणसाच्या पोटातली गाठ न कापता दिसू लागली ती इयान डोनाल्डमुळे. ग्लासगोच्या या डॉक्टरने धातूतल्या भेगा शोधायचं ध्वनिलहरींचं यंत्र माणसाच्या पोटावर लावून पाहिलं आणि १९५८ मध्ये त्यावर लेख लिहिला. कॅन्सर म्हणून आशा सोडलेल्या एका बाईच्या पोटात त्याला साधी पाण्याची गाठ सापडली. ती बाई वाचली.

पुढे १९८५ मध्ये या आजाराचं मूळ सोळाव्या गुणसूत्रावर असल्याचं कळलं, आणि १९९४ मध्ये ते जनुक सापडलं. आई किंवा वडिलांना हा आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी.

इथेच गाडी अडली. मुलाला एखादी साधी गाठ असू शकते, पण दोन्हीकडे असतील तर डॉक्टर आईवडिलांचीही सोनोग्राफी सांगतात. ताईने लगेच करून घेतली. तिच्या किडन्या स्वच्छ आहेत. दाजी मात्र म्हणतात, "मला काय धाड भरलीये?"

दाजींचे वडील १९८१ मध्ये शहापूरजवळच्या गावी वारले. अंगावर सूज, धाप, आणि वय जेमतेम पन्नास. गावाने 'बाहेरचं' म्हणून सोडून दिलं. त्यांचा एक कागदसुद्धा घरात नाही. आपल्याकडे घराण्याचा इतिहास म्हणजे जमीन आणि सोयरीक. कोण कशाने गेलं हे कुणी लिहून ठेवत नाही.

भाच्याचं काम सोपं आहे. लहान मुलांच्या पट्ट्याने बीपी बघायचं, लघवी तपासायची, सांगितलेल्या वेळी सोनोग्राफी करायची, मीठ बेताचं, आणि वेदनाशामक गोळ्या मनाने द्यायच्या नाहीत. ताईने त्यासाठी एक वही केलीये. बहुतेक मुलं अशीच शाळेत जातात, खेळतात.

मला काळजी दाजींची वाटते. त्यांचं बीपी आजवर कुणी मोजलेलंच नाही. वाढलेलं असलं तर त्यावर साध्या गोळ्या आहेत, आणि त्यांनी किडनी जास्त वर्षं टिकते. पुढच्या गुरुवारी मी मुरबाडला जाणार आहे. "पोरासाठी चला," असं म्हणून बघणार आहे. स्वतःसाठी ते यायचे नाहीत.